बाहेरगावी

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात, एका उपकेंद्रात मी जून २००६ मध्ये आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले आणि २०१३ च्या उन्हाळ्यात तेथून बदलून आले. या सात वर्षांविषयी मला विचारणारे बहुतेक जण गोळीबाराविषयी विचारतात. गोळीबार मी ऐकला, दोनदा तर बराच जवळून ऐकला, पण त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नसते. आपण जमिनीवर पालथे पडून राहतो आणि तो थांबला की उठून चुलीवरचे करपलेल्या भाताचे पातेले उतरवतो. मला त्या दिवसांतले सर्वांत आधी आठवते ते जोडपी पाहणीचे रजिस्टर, म्हणजे घरोघरच्या माणसांची दरवर्षीची नोंदवही. त्यातील शेवटचा, शेऱ्याचा रकाना कसा भरावा हे शिकण्यात माझी पहिली दोन वर्षे गेली, आणि शिकले तेही पूर्ण बरोबर होते की नाही, याची खात्री मला आजही देता येत नाही.

मी मूळची ब्रह्मपुरी तालुक्यातली, भाताच्या शिवारातली. बारावीनंतर अठरा महिन्यांचे प्रशिक्षण घेतले आणि जिल्हा परिषदेच्या भरतीत नाव लागले. गडचिरोली जिल्हा आमच्या शेजारचाच, १९८२ पर्यंत तर तो आणि आम्ही एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होतो. तरी नेमणुकीचा आदेश हाती आल्यावर वडील दोन दिवस बोलले नाहीत. नक्षलग्रस्त भागात एकस्तर वेतनश्रेणी मिळते, असे मी त्यांना समजावत होते आणि आई माझ्या दीड वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन, ती तुझ्याबरोबर येणार नाही, एवढेच म्हणत होती. मुलगी राहिली. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटर चालतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात आणि पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की तालुक्याचे गाव बेट होते. माझे उपकेंद्र त्याही पलीकडे होते. आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. माझ्याकडे सात गावे मिळून जेमतेम एकोणीसशे माणसे होती, पण सर्वांत दूरचे गाव चौदा किलोमीटरवर होते आणि त्या वाटेवर दोन नाले आडवे येत. गावे माडिया आदिवासींची. मला माडिया येत नव्हती आणि बायकांना मराठी येत नव्हती. पहिले दोन शब्द मी लगेच उचलले: एर म्हणजे पाणी, हिल्ले म्हणजे नाही. एर हा शब्द मला तहानेमुळे आला आणि हिल्ले हा पाहणीमुळे.

पाहणी दर एप्रिलमध्ये करायची असते. प्रत्येक घराच्या दारावर गेरूने क्रमांक टाकायचा, कुटुंबप्रमुखाचे नाव लिहायचे, घरात किती माणसे, कोणाचे वय किती, पंधरा ते पंचेचाळीस वयाची जोडपी कोणती, गरोदर कोण, पाच वर्षांखालची मुले किती, हे सारे उतरवायचे आणि मागील वर्षीच्या यादीशी ताडून पाहायचे. जो माणूस मागील वर्षी होता आणि यंदा दिसत नाही, त्याच्यापुढे कारण लिहायचे: मयत, स्थलांतरित, लग्न होऊन गेली. लसीकरण, पोषण, मलेरियाच्या गोळ्यांची मागणी, सर्व हिशेब या पाहणीवर उभा असतो, म्हणून प्रशिक्षणात आम्हाला बजावलेले असते की एकही नाव सोडू नका. मी सोडत नव्हते. पहिल्याच पाहणीत एका घरी मी सतरा वर्षांच्या मुलाचे नाव वाचले आणि तो कुठे आहे, असे विचारले. त्याची आई म्हणाली, "हिल्ले." मी पुन्हा विचारले, शाळेत आहे का, कामाला गेला का, केव्हा येणार. ती उत्तर देण्याऐवजी आत गेली आणि तुंब्यातून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. अंगणातली इतर माणसे एकेक करून उठून गेली होती. मी पाणी प्यायले, नावापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि पुढच्या घरी गेले. त्या गावात त्यानंतर दोन महिने कोणी माझ्याकडे मूल घेऊन आले नाही.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वीस वर्षे काढलेले एक आरोग्यसेवक होते. मासिक सभेला त्यांनी माझे रजिस्टर उलटून पाहिले, त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवले आणि म्हणाले, "बाई, हे खोडा. येथे बाहेरगावी असे लिहा." मी म्हटले की तो कोणत्या गावी गेला आहे हे मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "ठाऊक नाही म्हणूनच तर."

बाहेरगावी हा शब्द तसा खोटा नव्हता, हे मला पुढे कळत गेले. जानेवारीत माणसे मिरची तोडायला आंध्रात जात, आज जो भाग तेलंगणात आहे तिकडे. ती बाहेरगावीच असत. आश्रमशाळेतली मुले बाहेरगावी असत. एका घरातला मुलगा पोलीस भरतीत लागला आणि नक्षलविरोधी सी-६० पथकात गेला. घरच्यांनी तेही उघड सांगितले नाही, तोही माझ्या रजिस्टरात बाहेरगावीच राहिला. हे पथक १९९० मध्ये उभे राहिले ते मुख्यतः जिल्ह्यातल्याच तरुणांचे, म्हणजे ज्यांना जंगलाची वाट आणि माडिया-गोंडी दोन्ही येतात अशांचे. ज्यांना गावात दादालोक म्हणत त्या नक्षलवाद्यांच्या दलममध्येही, म्हणजे सशस्त्र तुकडीतही, याच गावांतली मुले होती. एकाच आडनावाची दोन मुले दोन बाजूंना आणि माझ्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द, असे एका पानावर तर वर आणि खाली लागूनच होते.

मला हळूहळू उमगले की माझ्या हातातला कागद म्हणजे त्या परिसरातील प्रत्येक घराची हजेरी आहे. सरकारजवळ इतकी ताजी हजेरी दुसऱ्या कोणाकडे नव्हती: तलाठी वर्षातून दोनदा यायचा, ग्रामसेवक त्याहून कमी. कोणत्या घरात तरुण मुलगी गेल्या वर्षी होती आणि यंदा नाही, कोणाकडे दोन माणसे जास्त जेवतात, कोणाला ताप येऊनही कोणी दवाखान्यात आणले नाही, हे गावोगाव पायी फिरणाऱ्या नर्सबाईला न विचारताही समजते. म्हणूनच ते दोन्ही बाजूंना हवे असते. आणि म्हणूनच इकडची गोष्ट तिकडे न्यायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम होता. कोणत्याही परिपत्रकात तो नव्हता. प्रशिक्षणाच्या अठरा महिन्यांत आम्हाला जंतुनाशकाचे प्रमाण शिकवले, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखायला शिकवले, पण सशस्त्र संघर्षात नर्सने कसे वागावे यावर एक तासही झाला नाही. जखमी आणि आजारी माणूस कोणत्याही बाजूचा असो, त्याची शुश्रूषा झालीच पाहिजे, असे चारही जिनिव्हा करारांतील सामायिक तिसरे कलम सांगते, हे मी बदली होऊन आल्यावर वाचले. अर्थात आमच्याकडे जे चालले होते त्याला सरकार युद्ध म्हणत नव्हते, त्यामुळे ते वाचले असते तरी दाखवायचे कोणाला, हा प्रश्न उरलाच असता.

बाहेरगावी गेलेल्यांच्या उलट दुसरी एक नोंद होती: पाहुणे. जून २००५ पासून इंद्रावतीच्या पलीकडे, छत्तीसगढात, सलवा जुडूम ही नक्षलविरोधी मोहीम सुरू झाली होती. तिकडची गावे उठली, काही माणसे छावण्यांत गेली, काही जंगलात, आणि एखाद-दुसरे कुटुंब डोंग्यात बसून नदी ओलांडून आमच्या बाजूच्या नातेवाइकांकडे येई. नदी आमच्या नकाशावर राज्याची हद्द होती. त्यांच्या सोयरिकी तिच्या दोन्ही काठांना होत्या. ही माणसे कोठून आली हे कोणी सांगत नसे. त्यांच्या मुलांच्या दंडावर बीसीजीचा व्रण नसे आणि नावे कोणत्याच यादीत नसत. लसीची मागणी तर यादीवरून ठरलेली. मी त्या मुलांना लस टोचली आणि शेऱ्यात पाहुणे असे लिहिले. एका सभेत मला विचारण्यात आले की माझ्या गावांत उद्दिष्टापेक्षा जास्त बालके कशी. मी म्हटले, पाहुणे आले आहेत. विचारणाऱ्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि पुढच्या उपकेंद्राचे नाव पुकारले. त्या साहेबांविषयी मला तेव्हापासून आदर आहे.

लसीकरणाच्या दिवशी मी पहाटे निघे. आरोग्य केंद्रातील शीतपेटीतून लस काढून चार बर्फाच्या पॅकांमध्ये, निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये ठेवली की दिवसभर तापमान दोन ते आठ अंशांत राहते, मात्र झाकण वारंवार उघडायचे नसते. आमच्या वाटेवर ते हमखास उघडावे लागे. गस्तीवरची तुकडी भेटली की डबा उघडा म्हणत, आणि जंगलात दुसरे कोणी भेटले तर तेही तेच म्हणत. पट्ट्याने खांद्याला लावलेला, घट्ट बंद, जड, चौकोनी डबा पाहून भूसुरुंगांच्या प्रदेशात कोणाला शंका येणार नाही! मी डबा सावलीत ठेवून म्हणे, "बघा, पण लवकर बघा, गोवराची लस ऊन सोसत नाही." बहुतेक वेळा ते खरोखरच लवकर बघत. एकदा एक कोवळा जवान वाकून कुप्या पाहत राहिला आणि म्हणाला की त्याच्या बहिणीला मुलगा झाला आहे, त्याला पोलिओचा डोस द्यायचा राहिला असेल का. गाव विचारले तर ते माझ्याच सातांपैकी एक निघाले. डोस राहिला नव्हता. पण त्याने विचारले आणि मी सांगितले, हे मी त्याच्या बहिणीलाही कधी बोलले नाही.

गाडीत कोणालाही घ्यायचे नाही, हाही नियम होता. भूसुरुंगांमुळे पोलीस स्वतःच शक्यतो वाहन टाळून पायी चालत, पण कधी एखादा आजारी जवान अ‍ॅम्ब्युलन्स थांबवी. तो रुग्ण असेल तर रुग्ण म्हणून, शस्त्र आणि गणवेश न ठेवता बसेल. केवळ सोबत म्हणून, जागा आहे म्हणून, कोणी बसायचे नाही. आमचा चालक या बाबतीत देवाचेही ऐकणारा नव्हता, आणि त्याच्या या हट्टामुळे ती गाडी सात वर्षे धडधाकट राहिली असे माझे मत आहे.

आता त्या तापाविषयी सांगते. गडचिरोली म्हणजे मलेरिया, आणि तोही बहुतांशी फॅल्सिपेरम, जो मेंदूत गेला तर दोन दिवसांत माणूस नेतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यांत फक्त काचपट्टीवर रक्तनमुना घ्यायचा आणि तपासणीला पाठवायचा, एवढेच हाती होते. पूर असला की निकाल येईपर्यंत रोगी एकतर बरा झालेला असे किंवा गेलेला असे. एका भरल्या पावसात नाल्याच्या अलीकडे अडकलेले चार वर्षांचे मूल माझ्या मांडीवर झटके देत गेले, आणि त्याचा निकाल अकराव्या दिवशी आला. पुढे पंधरा मिनिटांत निदान करणारे किट मिळाले, आर्टेसुनेटच्या गोळ्यांची वयानुसार वेगवेगळ्या रंगांची पाकिटे आली, आणि माझे काम बदलले.

२०१० च्या ऑगस्टमध्ये एका रात्री दार वाजले. बाहेर तिघे होते, साध्या कपड्यांत, दोन पुरुष आणि एक मुलगी. मुलगी भिंतीला टेकून थरथरत होती. त्यांतला एक हिंदीत म्हणाला, "दीदी, बुखार है." मी तिला आत घेतले आणि त्या दोघांना ओसरीवरच थांबायला सांगितले, ते थांबले. ताप १०४ होता, किटवर दोन रेघा उमटल्या. आता गोळ्या देण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो, कारण पहिल्या तीन महिन्यांची गरोदर असेल तर आर्टेसुनेट देता येत नव्हते आणि प्रायमाक्विन तर गरोदरपणात कधीच नाही. मी दार लोटून घेतले आणि तिला माडियातून, मला येत होती तेवढ्या मोडक्यातोडक्या भाषेत, पाळी केव्हा आली होती ते विचारले. ती कितीतरी वेळ बोलली नाही. मग तिने बोटांनी पाच महिने दाखवले आणि मान हलवली. गरोदर नव्हती; तपासले. रक्तच नव्हते अंगात. डोळ्यांच्या खालच्या पापण्या कागदासारख्या होत्या.

मी पहिल्या दिवसाचा डोस समोर गिळायला लावला, उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा म्हणवून घेतले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासावे लागेल, असे सांगितले. ते हसले. मी रजिस्टर उघडले तेव्हा ओसरीवरचा माणूस उंबऱ्यापर्यंत आला. मी म्हटले, "किट वापरले, गोळ्या वापरल्या, त्यांचा हिशेब मला द्यावा लागतो. नाव नको." मी लिहिले: स्त्री, वय अंदाजे १९, फॅल्सिपेरम, पूर्ण उपचार दिला. शेऱ्यात लिहिले: पाहुणी. त्याने ते वाचले की नाही ठाऊक नाही. जाताना मुलगी जोहार म्हणाली.

ही नोंद मी लपवली नाही. पुढच्या सभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकटे गाठून सर्व सांगितले. ते तरुण होते, नवसंजीवन योजनेत मानधनावर आलेले, आणि कायद्याची बाजू त्यांनी वाचलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे की जीव वाचवणे आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. शिवाय येथे जखम नाही, मलेरिया आहे, आणि मलेरिया हा गुन्हा नाही, असे ते म्हणाले. गोळीची किंवा मारहाणीची जखम आली तर मात्र मला कळवायचे, वैद्यकीय-कायदेशीर नोंद मी करीन, ती जबाबदारी तुम्ही अंगावर घ्यायची नाही, असेही त्यांनी बजावले. मला हे पुरेसे वाटले. नोंद कोणी करायची, याची वाटणी कोणीतरी करून दिली, हाच मोठा आधार होता.

त्याच्या आदल्या वर्षी जिल्हा हादरून गेला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये मरकेगावला पंधरा, मे महिन्यात हत्तीगोट्याला सोळा आणि ८ ऑक्टोबरला आमच्याच तालुक्यातल्या लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर होते. त्यानंतर कित्येक आठवडे गावांत दिवसा फक्त बाया आणि म्हातारे दिसत. पुरुष रानात झोपत, कारण एका बाजूने जेवण का दिले असे विचारले जाई आणि दुसऱ्या बाजूने माहिती का दिली असे. माझी लसीकरणाची तीन सत्रे रद्द झाली. त्याच सुमारास मला जवळच्या पोलीस केंद्रात बोलावणे आले. अधिकारी सभ्य होते, खुर्ची दिली, चहा दिला. गावांची आरोग्यविषयक माहिती हवी, रजिस्टर दोन दिवस ठेवून जा, असे ते म्हणाले. मी म्हटले की रजिस्टर जिल्हा परिषदेचे आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे पत्र दिले तर ते सांगतील तसे मी करीन. माझा आवाज कापत होता. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरे. आमच्या चार पोरांना थंडी वाजून ताप आहे, तेवढे बघाल का?" मी चौघांचे रक्त घेतले. तिघांना फॅल्सिपेरम होता. त्यांची नावे मात्र व्यवस्थित, बक्कल क्रमांकासह लिहून मिळाली. पत्र कधी आले नाही.

डिसेंबरची तयारी मी ऑक्टोबरमध्ये करू लागले ते या अनुभवांमुळे. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा नक्षल शहीद सप्ताह आणि २ ते ८ डिसेंबर हा पीएलजीए, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र दलाचा, सप्ताह. या दिवसांत एसटी बंद, रस्त्यावर झाडे आडवी, बाजार बंद. मी दिनदर्शिकेवर हे दोन आठवडे लाल पेन्सिलीने चौकटीत घेई आणि गरोदर बायांच्या बाळंतपणाच्या संभाव्य तारखा त्यांच्याशी ताडून पाही. ज्यांची तारीख चौकटीत किंवा तिच्या आसपास असेल त्यांना आधीच आरोग्य केंद्राशेजारच्या माहेरघरात नेऊन ठेवायचे. बाया सहजी येत नसत. मागे भाताची कापणी असे, कोंबड्या असत, आणि तेथे आपले खाणे मिळत नाही अशी तक्रार असे. आशाताईंनी समजावले की काही येत. २०११ मध्ये एकीची तारीख २० डिसेंबर होती. ९ तारखेला तिला नेऊ असे ठरले होते. ४ डिसेंबरच्या पहाटे तिला कळा लागल्या.

मी पोचले तेव्हा मूल दाईच्या हातात होते, चांगले रडत होते, पण तासाभरानंतरही वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हते. ऑक्सिटोसिन मी लसीच्याच डब्यात, बर्फाजवळ बाळगत असे. दहा युनिट मांडीत टोचले, सलाईन लावले, पोट चोळले. वार अडकलेलीच होती. गावाजवळच्या एका टेकडीवर चढले की भामरागडच्या टॉवरची रेंज मिळे. आशाताईंचा मुलगा धावत वर गेला आणि त्याने चालकाला बोलावले. चार जणांनी खाट उलटी करून, दोऱ्या बांधून, बांबूवर घेतली, सलाईनची बाटली मी हात उंच करून धरली आणि आम्ही नऊ किलोमीटर निघालो.

पक्क्या रस्त्यावर चालक येऊन उभा होता, पण आमच्या आणि त्याच्या मध्ये ऐनाचे मोठे झाड आडवे होते, त्याच्या फांद्यांत लाल कापडी बॅनर अडकवलेला. अशा झाडाला कोणी हात लावत नाही. त्याच्या खाली, शेजारी, रस्त्याच्या कडेला काय पुरले असेल ते सांगता येत नाही, आणि ओलांडून जाणेही तसेच. चालक पलीकडून ओरडून थांबा म्हणत होता. खाट उचलणाऱ्यांपैकी सर्वांत वयस्क माणसाने काही न बोलता बांबूचे टोक डावीकडे वळवले आणि आम्ही त्याच्या मागे, एकाच्या पावलात दुसऱ्याने पाऊल टाकत, जंगलातून मोठा वळसा घालून रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर निघालो. ती वाट सुरक्षित आहे हे त्याला कसे ठाऊक होते, हे मी त्याला विचारले नाही. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी हाताने वार काढली. तिथून तिला अहेरीला पाठवले, तेथे रक्त मिळाले. ती जगली. आठवड्यानंतर दोन वेगवेगळ्या लोकांनी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, मला विचारले की बॅनरवर काय लिहिले होते. मी सांगितले की माझे लक्ष सलाईनच्या थेंबांवर होते. हे खरे होते.

एक नोंद मात्र मला अजून टोचते. २०१२ च्या नोव्हेंबरात एका माणसाला त्याचा भाऊ आणि बायको घेऊन आली. उजव्या हाताचे हाड मोडले होते, पाठीवर वळ होते. मोहाच्या झाडावरून पडलो, असे तो म्हणाला. मोहाच्या झाडावर नोव्हेंबरात कोणी चढत नाही; फुले नाहीत, फळे नाहीत. बांबूच्या कामट्या लावून हात बांधला, वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि संदर्भचिठ्ठी लिहायला बसले. त्याच्या बायकोने माझ्या पेनकडे पाहिले. मी लिहिले: झाडावरून पडल्याचे रुग्ण सांगतो. मग थांबले, आणि मला जे दिसत होते तेही लिहिले: पाठीवर काठीसारखे समांतर सात वळ. कोणी मारले, का मारले, कोणत्या बाजूने कोणता संशय घेतला, यातले काही मी लिहिले नाही, मला कोणी सांगितलेही नाही. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे आपली नोंद केली, ती पोलिसांकडे गेली, हात जोडला गेला. तीन आठवड्यांनी ते सारे कुटुंब घर सोडून निघून गेले. ते माझ्या चिठ्ठीमुळे गेले, की नाहीतरी जाणारच होते? वळ लिहिले नसते तर डॉक्टरांना ते दिसलेच असते, असे मी स्वतःला सांगते. एकदा त्या आरोग्यसेवकांनाही विचारले. ते निवृत्तीला आले होते. ते म्हणाले, "तुम्ही पाहिले ते लिहिले." मग बराच वेळ त्यांनी आपला चष्मा पुसला.

माझी विनंती बदली चार अर्जांनंतर झाली. जागेवर येणारी मुलगी वर्ध्याकडची होती, नुकतीच प्रशिक्षण संपवून आलेली. एप्रिलची पाहणी तोंडावर होती म्हणून पदभार देता देता तिला बरोबर घेऊन मी शेवटची पाहणी केली. थर्मामीटर चार, रक्तदाब यंत्र एक, वजनकाटे दोन, प्रसूतीची साधने, किटचे दोन खोके, अशी यादी करून तिची सही घेतली. रजिस्टरावर मात्र सही घेण्याआधी आम्ही सात गावे चाललो. तिचे अक्षर सुरेख होते आणि प्रश्न माझ्यासारखेच होते. प्रश्नचिन्ह काढलेल्या त्या मुलाच्या घरी, पहिल्या वर्षी जिने मला पाणी दिले होते तिने तिलाही पाणी दिले. मुलगी नावांवरून बोट फिरवत सहा वर्षे बाहेरगावी असलेल्या त्या नावापाशी आली आणि माझ्याकडे पाहू लागली. सहा महिन्यांहून अधिक काळ जो नसेल त्याला वगळायचे, हे तिला प्रशिक्षणात शिकवलेले होते. मी म्हातारीकडे पाहिले. ती म्हणाली, "नाव असू दे, बाई."

त्याच वाटेवर पुढे तेविसाव्या क्रमांकाचे घर लागले. त्याचे छप्पर एका बाजूने बसले होते आणि अंगणात पाचोळा साचला होता. हात मोडलेला तो माणूस येथला. मुलीने विचारले की येथे आता कोणीच राहत नाही, तर यादीतून घर काढू का. मी तिच्याकडून गेरूची वाटी घेतली, दारावरचा पुसट झालेला आकडा पुन्हा काढला, आणि पाच माणसांच्या पाच नावांपुढे तो शब्द तिच्या अक्षरात लिहून होईपर्यंत तिच्याशेजारी उभी राहिले. मग आम्ही चोविसाव्या घरी गेलो.